गृहरंजनसाधने व प्रेक्षकमाहितीची गोपनीयता (जालना जिल्हा)

दूरचित्रवाणीसंच व तत्सम घरगुती उपकरणे प्रेक्षकाच्या पाहण्याची नोंद त्याच्या नकळत किंवा अपुऱ्या संमतीने घेतात, त्यातून उद्भवणारा प्रश्न. जालना जिल्ह्यापुरता त्याचा आरंभ केबलच्या अंकीकरणापासून धरावा लागतो. केंद्र शासनाच्या चार टप्प्यांच्या योजनेत शेजारचे औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) दुसऱ्या टप्प्यात आले. जालना, अंबड, भोकरदन व परतूर या नगरपालिकांच्या शहरांना तिसऱ्या टप्प्याची ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत लागू झाली, आणि खेडी चौथ्या टप्प्यात गेली. ग्राहकाचे नाव व पत्ता अर्जावर घेऊन ते सेट-टॉप बॉक्सच्या क्रमांकाशी जोडले गेल्यामुळे, कोणत्या घरी कोणत्या वाहिन्या घेतल्या जातात याचे दप्तर सेवादात्यापाशी तयार झाले. तथापि हा बॉक्स बहुधा एकमार्गी असल्याने, घेतलेल्या वाहिन्यांपैकी प्रत्यक्षात काय पाहिले गेले हे तो परत कळवू शकत नाही. हा भेद चर्चेत वारंवार नजरेआड होतो.

इंटरनेटला जोडलेल्या स्मार्ट टीव्हीने ही मर्यादा ओलांडली. पडद्यावरील चित्राचे वा ध्वनीचे नमुने घेऊन त्यांचा अंकीय ठसा दूरस्थ संग्रहाशी ताडून पाहण्याची जी सोय अनेक संचांत असते, ती कार्यक्रम कोठून आला याची पर्वा करीत नाही. सबब एकमार्गी बॉक्समधून आलेली मालिकाही ओळखली जाऊ शकते. बॉक्ससाठी अर्ज भरावा लागे, येथे संच प्रथम सुरू करताना एक कळ दाबली की संमती मिळाल्याचे धरले जाते. असे नमुने सुमारे १ कोटी १० लाख संचांतून संमतीविना घेतल्याच्या आरोपावरून संच बनविणाऱ्या विझिओ कंपनीने २०१७ साली अमेरिकेत २२ लाख डॉलर भरून तडजोड केली.

*लोकप्रियतामापन.* वाहिन्यांची लोकप्रियता मोजण्यासाठी मीटर बसविलेल्या घरांची ओळख गुप्त राखण्याचे बंधन २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. ही ओळख फुटल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी २०२० साली केला. पुढे तो खटला मागे घेण्यात आला.

*ध्वनिसहायक.* आवाजावर चालणारे रिमोट व स्पीकर हेही वापराची नोंद घेऊ शकणाऱ्या उपकरणांत मोडतात.

*कायदा.* सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणास मूलभूत हक्क मानले. अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये संमतीपूर्व सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणे बंधनकारक असून, १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा मागोवा घेण्यास सामान्यतः मनाई आहे. संच मात्र साऱ्या कुटुंबाचा असतो, त्यामुळे पाहणारे मूल आहे की प्रौढ हे त्यावरून सहज ठरत नाही. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. सूचना व संमतीविषयक तरतुदींच्या अंमलास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे.