कुलूप नसलेल्या तुरुंगाची कुळकथा

'दो आँखें बारह हाथ' (१९५७) म्हटलं की आठवतो व्ही. शांताराम यांचा जेलर आणि त्याने शेतावर नेलेले सहा खुनी. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि ती शोधायला त्यांना लांब जावं लागलं नव्हतं. त्यांचं माडगूळ आटपाडी तालुक्यातलं, आणि कैद्यांची खरी वसाहत, स्वतंत्रपूर, आटपाडीजवळच. आज सांगली जिल्ह्यात असलेला हा दुष्काळी माणदेशी मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता.

१९३९ साली औंधात नवलच घडत होतं. सूर्यनमस्कारांच्या वेडासाठी गाजलेले राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, यांनी कारभार प्रजेच्या हाती सोपवणारी घटना जाहीर केली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंतांची धडपड होती आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरचा पिच्छाही. हा गृहस्थ नोकरीसाठी म्हैसूर संस्थानात आला आणि गांधीजींच्या नादाने खादी घालू लागला; 'भारतानंद' हे नावही त्याने घेतलं. कैद्यांना कोठडीत न डांबता जमीन द्यावी, हे डोकं त्याचं. राजाने ते मानलं आणि त्याच वर्षी स्वतंत्रपूर वसलं.

इथे कैद्याला राहायला खोली, कसायला रान आणि सोबत बायकापोरं. उंच भिंत नाही, बंदूकधारी पहारा नाही. पळायला अडवणारं कोण? माझ्या मते, घरात रडणारं पोर. संसार सोबत देण्यात दया होती तसा व्यवहारही होता, आणि ही गोष्ट चित्रपटातल्या सहा एकट्या पुरुषांत दिसत नाही.

१९४८मध्ये औंध विलीन झालं, वसाहत मात्र टिकली. इतर ठिकाणी हीच कल्पना निराळ्या गरजेतून रुजली. उत्तर प्रदेशात तिथले नेते संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने १९५२ साली वाराणसीजवळ चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाच्या कामावर कैद्यांची छावणी पडली. आपल्याकडे पैठणचं खुलं कारागृह १९६८चं, जायकवाडी धरणाच्या दिवसांतलं. धरणांना हात हवे होते. राजस्थानात सांगानेरला १९६३पासून कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर कामाला जातात आणि संध्याकाळच्या हजेरीला परततात. स्वतंत्रपूरची खरी भावकी तीच.

आता तुरुंग ओसंडू लागले की खुल्या कारागृहांचा उतारा सुचवला जातो. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत शंभराच्या जागेत एकशे एकतीस माणसं होती. पण त्यातले चारात तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले. खुल्या कारागृहाचं दार उघडतं ते पक्क्या कैद्याला, तेही बंद तुरुंगात काही वर्षं काढून चांगली वर्तणूक दाखवल्यावर. ते या गर्दीसाठी बांधलेलंच नव्हतं. कच्च्या कैद्याची वाट जामिनातून जाते, आणि जामीन होऊनही रकमेअभावी आत राहणारे कमी नाहीत. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा आली. त्याच दिवशीच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला की त्याला सोडायची तरतूद केली. जन्मठेपेचे वा फाशीचे गुन्हे वगळून. अशा कैद्यासाठी कोर्टात अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे.