तलावपाळी, ठाणे

ठाण्याच्या जुन्या वस्तीतील मासुंदा तलावाचा काठ व त्याभोवतीचा परिसर. रेल्वेस्थानकाच्या पश्चिमेला, पायी दहाएक मिनिटांवर. इतर गावांत मध्यभागी चौक असतो. ठाणेकरांना भेटायला, फिरायला, मिरवायला ही पाळ आहे. चहूबाजूंनी इमारतींची दाटी झाली तरी एवढा मोकळा पैस उरला, तो तिथे पाणी होते म्हणूनच, असे म्हणायला हरकत नाही.

काठावर सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. जवळच जांभळी नाक्याच्या गजबजाटात कौपिनेश्वराचे मंदिर. पहिले पोर्तुगीज अमलाची खूण, तर दुसऱ्याचा जीर्णोद्धार मराठी अमलातला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी देवालय नव्याने उभारले. हा किल्ला आता मध्यवर्ती कारागृह आहे. इंग्रजांनी तिथे कैदेत ठेवलेले त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये निसटले, ही हकीकत ठाणेकर आजही चवीने सांगतात.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्यात आली. पुढे शहर मुंबईचे उपनगर झाले खरे, पण त्याचे सांस्कृतिक बिऱ्हाड स्वतंत्रच राहिले. विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींनी १८९३ मध्ये येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापले. तलावाच्या काठी १९७८ मध्ये राम गणेश गडकरी रंगायतन सुरू झाले आणि पाळीला रात्रीचीही वर्दळ लाभली. नाटक सुटल्यावर त्यावरची खरी चर्चा काठावरच रंगते.

नुसता तलाव पाहायचा तर सकाळ बरी : फिरायला आलेली ज्येष्ठ मंडळी सोडली तर गर्दी नसते. संध्याकाळी भेळेच्या गाड्या, नौकाविहार आणि बाकांवर जागा धरून बसलेली जोडपी. जांभळी नाक्याचा बाजार मात्र दुपारीही दमवतो; किराणा, भाजी, फुले यांच्या घाऊक-किरकोळ व्यापारात अरुंद गल्ल्यांतून हातगाडीला वाट देतच पुढे सरकावे लागते. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा याच भागातून निघते. दिवाळी पहाटेला नटूनथटून आलेल्या तरुणाईने काठ आणि जवळचा राम मारुती रस्ता भरून जातो. त्या दिवशी इथे गाडी आणण्याचा विचारही करू नये.