तिसरा स्टंप आणि टँकरव्हिलचा माळी

क्रिकेटच्या सुरुवातीच्या नियमांचा इतिहास बहुधा उमरावांच्या नावाने सांगितला जातो आणि त्याला आधारही आहे. फेब्रुवारी १७७४ मध्ये लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरील ‘स्टार अँड गार्टर’मध्ये नियम सुधारायला जी समिती बसली, तीत ड्यूक ऑफ डॉर्सेट आणि अर्ल ऑफ टँकरव्हिल होते. पायचीतचा नियम त्याच वेळी प्रथम लिहिला गेला. पण त्या काळातला सर्वांत मोठा बदल, म्हणजे तिसरा स्टंप, अशा बैठकीत कोणाला सुचला नाही. तो आणणे भाग पडले ते टँकरव्हिलच्याच पदरी असलेल्या एका माळ्यामुळे. एडवर्ड स्टीव्हन्स हे त्याचे नाव; मैदानावर सारे त्याला लंपी म्हणत.

त्या वेळी चेंडू खांद्याखालूनच टाकत. फलंदाजामागे दोनच स्टंप असत, त्यांवर एक आडवी बेल, आणि मधल्या फटीतून चेंडू निसटू शके. बहुतेक गोलंदाजांच्या बाबतीत हे क्वचितच घडे, कारण इतका नेम कोणाला होता? लंपीला होता. मे १७७५ मध्ये लंडनच्या आर्टिलरी मैदानावर केंट आणि हॅम्बल्डन यांच्यात पाच-पाच खेळाडूंचा सामना झाला. लंपी केंटकडून खेळत होता. हॅम्बल्डनचा शेवटचा गडी जॉन स्मॉल खेळायला आला तेव्हा जिंकायला १४ धावा हव्या होत्या. लंपीने त्याला तीनदा चकवले, तीनही वेळा चेंडू दोन स्टंपांमधून आरपार गेला आणि बेल जागची हलली नाही. स्मॉलने त्या १४ धावा काढल्या आणि तिसऱ्या स्टंपची गरज उघड झाली.

यावर कोणी म्हणेल, तो निव्वळ योगायोग होता. शिवाय तिसरा स्टंप सगळीकडे एकदम आलाही नाही. दुसरे म्हणणे खरे आहे. पण रूढीने चालणाऱ्या खेळात बदल असेच रुजतात. योगायोगाचा आक्षेप मात्र टिकत नाही. एकदा आरपार गेलेल्या चेंडूला नशीब म्हणता येते. तीनदा गेला की दोष नियमात आहे हे आंधळ्यालाही दिसते. त्यात सामन्यांवर मोठमोठ्या पैजा लागत, आणि उत्तम चेंडू वाया जाऊन पैसा बुडणे उमरावांना परवडणारे नव्हते. बदल त्यांनी मान्य केला, हे श्रेय त्यांचेच. त्याची गरज दाखवून दिली ती नोकराच्या अचूक टप्प्याने.

‘लंपीला मालकाने पोसले म्हणून तो घडला’ हा आक्षेप अधिक वजनदार आहे. रोजगार आणि खेळायची सवड मालकानेच दिली. पण खेळातली समज त्याची स्वतःची होती. १७७४ च्या नियमांनुसार खेळपट्टीची जागा पाहुणा संघ निवडे, यजमानांनी ठरवलेल्या बिंदूपासून तीस यार्डांच्या आत. हॅम्बल्डनच्या खेळाडूंच्या आठवणी लिहिणारा जॉन नायरन सांगतो की, लंपी मुद्दाम उंचवट्यापलीकडचा उतार शोधी, म्हणजे टप्पा पडताच चेंडू सरपटत स्टंपांवर जाई. पुढच्या पिढीतल्या डेव्हिड हॅरिसला उसळी हवी असे, म्हणून तो नेमकी चढाची जागा निवडी. मालकांनी कागदावर लिहिलेल्या नियमातून किती गडी निघू शकतात, हे या माळ्याला त्यांच्याहून चांगले कळत होते.