विहिरीचं पाणी आणि निळं पडलेलं बाळ
केदारखेड्यात बोअरचं पाणी पिता? मग ही गोष्ट तुमच्यासाठी.

1945 मध्ये अमेरिकेतल्या आयोवात डॉ. हंटर कॉम्ली यांनी तान्ही बाळं निळी पडण्याचं कारण शोधलं : वरच्या दुधात मिसळलेल्या विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट. शेणखत, सांडपाणी, खतं यांतून झिरपणाऱ्या नायट्रेटला रंग, वास नसतो.

म्हणूनच आज संशयित जागेभोवती निरीक्षण विहिरी घेतात. जाळीदार पाईप बसवून वरची पोकळी सीलबंद करतात. साचलेलं पाणी उपसून मगच नमुना घेतात. खडकातलं खरं पाणी तेव्हाच येतं.

तुम्हीही पंप थोडा वेळ चालवून नमुना प्रयोगशाळेत द्या. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाटतं. प्रमाण जास्त आलं, तर बाळाच्या दुधासाठी ते पाणी वापरू नका.