लुगर पिस्तुलाचा गुडघा

ऑस्ट्रियन अभियंता गेओर्ग लुगर याचे पिस्तूल जर्मन भूसेनेने १९०८ साली स्वीकारले. त्याच्या मुठीत आठ गोळ्यांची पेटी असे. परंतु खरी करामत वरच्या सांध्यात होती. वाचकहो, आपला ताठ गुडघा देहाचा भार पेलतो. मागून किंचित धक्का बसताच तो दुमडतो. तद्वत् गोळी सुटताना हा सांधा सरळ राहून स्फोटाचा दाब अडवी. मग नळीसह मागे सरकून उतारावर आदळताच तो वर दुमडे व रिकामे काडतूस बाहेर फेकी. मागाहून स्प्रिंगच्या जोराने मिटताना तो नवे काडतूस आत घेई.

रचना देखणी, परंतु घडण खर्चाची व वेळखाऊ. म्हणून १९३८ मध्ये सैन्याने वाल्थरचे सुलभ पिस्तूल पत्करले. कारागिराचे कौशल्य थोर खरे. तथापि युद्धात लाखो हातांत वेळेवर पोचेल, तेच शस्त्र कामास येते.