डीन स्विफ्टची भोवळ
जोनाथन स्विफ्टच्या लेखनातील कडवटपणाचे मूळ त्याच्या वेडात शोधणारी टीका आम्हांस कधीच पटली नाही. तरुणपणापासून त्याला एकाएकी भोवळ येई, ऐकू येईनासे होई. दोष तो फाजील खाल्लेल्या सफरचंदांना देई; मग फळे टाळणे, घोड्यावरून रपेट, पायी हिंडणे. १७१० ते १७१३ या काळात लंडनहून डब्लिनला स्टेलासाठी लिहिलेल्या पत्रांत मंत्र्यांच्या बातम्यांशेजारीच आज डोके कसे आहे याची नोंद येते, हवापाण्याची यावी तशी. अशा भोवळीचा उगम मेंदूत नसून अंतःकर्णात असू शकतो, हे प्रॉस्पर मेनिएरने पॅरिसमध्ये मांडले ते १८६१ साली. स्विफ्ट १७४५ मध्येच वारला होता. पुढे बकनिल या मनोविकारतज्ज्ञाने त्याचा जुना आजार हाच असावा, असे निदान केले. ‘गलिव्हर’ प्रसिद्ध झाले १७२६ साली. स्विफ्टला कारभारास असमर्थ ठरवले गेले १७४२ मध्ये.