विजेची स्कूटर, पादचारी आणि मागे राहणारे दुखणे

बडनेरा जंक्शनवर उतरून अमरावतीकडे निघालेला प्रवासी रस्ता ओलांडताना डोळ्यांइतकाच कानांवरही विसंबून असतो. इंजिनाचा आवाज ऐकून बाजूला सरण्याची ही सवय विजेवर चालणाऱ्या स्कूटरपुढे निरुपयोगी ठरते, कारण कमी वेगात तिचा आवाज जवळजवळ होतच नाही. विजेच्या वाहनांना इशारावजा ध्वनी सक्तीचा करणारा नियम युरोपात २०२१ पासून सर्व नव्या मोटारींना लागू झाला. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये तशाच नियमाचा मसुदा काढला. मात्र तो मोटारी, बसगाड्या व मालवाहू वाहनांपुरता होता. दुचाकीचा त्यात समावेश नव्हता.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. ही झाली मृतांची गणना. धडकेतून वाचलेला माणूस पुढे कसा जगतो, हे या आकड्यांवरून कळत नाही.

स्कूटरचे पुढचे चाक बहुधा नडगीवर किंवा गुडघ्यावर आदळते आणि त्यानंतर माणूस हातावर, खुब्यावर अथवा डोक्यावर पडतो. नडगीच्या हाडावर मांसाचे आवरण फार थोडे असते. त्यामुळे हाड मोडून कातडीबाहेर येण्याचा व तेथे जंतुसंसर्ग होण्याचा धोका मोठा. मधुमेही व तंबाखूचे व्यसन असलेल्या रुग्णांत हाड जुळण्यास विलंब लागतो, काही वेळा ते जुळतच नाही व पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. अस्थिभंग गुडघ्याच्या सांध्यात शिरला असेल, तर क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसूनही काही वर्षांनी तेथे संधिवात सुरू होतो. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला तो त्रासदायक होतो. उकिडवे बसून निंदण करणाऱ्या मजुराची मात्र त्याने रोजीच बुडते.

वृद्धांच्या बाबतीत खुब्याचा अस्थिभंग हा सर्वांत गंभीर म्हणावा लागेल. अंथरुणाला खिळल्याने फुप्फुसाचा संसर्ग, पायात रक्ताच्या गुठळ्या, शय्याव्रण असे एकामागून एक उपद्रव उद्भवतात आणि वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण बरेच असते. जे वाचतात त्यांतील अनेकांच्या हातून पुढे काठी सुटत नाही.

डोक्याच्या माराची गोष्ट अधिक फसवी आहे. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त हळूहळू साठत जाऊन डोकेदुखी, गोंधळलेपणा किंवा एका बाजूचा अशक्तपणा कित्येकदा तीन-चार आठवड्यांनी दिसतो. वृद्ध तसेच रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण यांना हा धोका विशेष. तोवर घरची मंडळी धडक विसरूनही गेलेली असतात व ‘म्हातारपण’ म्हणून दुर्लक्ष करतात. चक्कर, विसराळूपणा, चिडचिड ही लक्षणे महिनोन्‌महिने टिकू शकतात. काहींना पुढे अपस्माराचे झटके येतात. काहींची वासाची जाणीव कायमची जाते; स्वयंपाकघरात गॅस गळत असला तरी त्यांना कळत नाही. रस्त्यावर पाऊल टाकण्याची भीती वाटून घरातच बसून राहणे हाही अपघाताचाच परिणाम होय. त्याची तक्रार मात्र रुग्ण सहसा करीत नाही.

आता भरपाईविषयी. पाव किलोवॅटपेक्षा कमी शक्तीची मोटार, ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग आणि ठरावीक वजन एवढ्या अटी पाळणारी स्कूटर केंद्रीय नियमांनुसार ‘मोटार वाहन’ समजली जात नाही. तिला नोंदणी नको, चालवणाऱ्याला परवाना नको, आणि त्रयस्थ पक्षाचा सक्तीचा विमाही नाही. तिने धडक दिल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा मार्ग खुला राहत नाही. चालकाविरुद्ध दिवाणी न्यायालयात जावे लागते. मे २०२५ मध्ये लागू झालेली दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोखविरहित उपचारांची योजनाही मोटार वाहनाच्या अपघातापुरती आहे, आणि तिची मुदत सात दिवसांची. वेग वाढविण्यासाठी फेरफार केलेली स्कूटर या सवलतीतून बाहेर पडते. पण तिचाही विमा नसल्याने जखमीच्या हाती फारसे काही लागत नाही.

नोंदणीकृत स्कूटरबाबत दावा करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली असून तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. वर्षांनंतर उद्भवणाऱ्या संधिवाताचा हिशेब सहा महिन्यांत कसा मांडावा, हा प्रश्न उरतोच. म्हणून दाव्याच्या वेळीच अस्थिरोगतज्ज्ञाकडून संभाव्य शस्त्रक्रिया व सांध्याची झीज यांविषयी लेखी मत घेणे हिताचे ठरते. शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईतील नुकसानीची टक्केवारी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे. डावा हात गमावलेल्या सुताराचा व्यवसाय जवळजवळ पूर्णच बुडतो, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, असे उदाहरण त्या निकालात आहे. तेव्हा प्रमाणपत्रावर टक्के किती आहेत, यासोबतच जखमी माणूस कोणते काम करीत होता याचा पुरावा जोडावा लागतो. हजेरीपत्रक, मालकाचा दाखला, पगाराची पावती यांपैकी जे मिळेल ते जपून ठेवावे.